गोदामातली टाळी

नव्या जागेत पाय टाकला की तो आधी टाळी वाजवायचा. एकच. मग मान वाकडी करून, डोळे मिटून उभा राहायचा, जसं काही आतून कोणी "या" म्हणायची वाट पाहून राह्यला. थोड्या वेळाने डोळे उघडायचे आणि निकाल लागायचा. "बोलते," नाही तर "मुकी हाय." तिसरा निकाल त्याच्याजवळ नव्हता.

बँकेत वाजवली, डेअरीत वाजवली, आमच्या स्वयंपाकघरात वाजवली. मारुतीच्या देवळात वाजवली तर ओट्यावरचे म्हातारे आरती लागली समजून उठले आणि तेही वाजवायला लागले. आमच्या हमालांच्या मुकादमाचा बाप वारला तेव्हा मी त्याला घेऊन भेटायला गेलो. उंबऱ्यावरच त्याचे हात सवयीने वर आले. मी कोपर मारलं. त्याने तेच हात जोडून नमस्कार केला आणि गुपचूप सतरंजीवर बसला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "काकाजी, घर बोलत असन नाई चांगलं?" आता अशा माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

तुमच्यातल्या पुष्कळांनी त्याला ऐकलं असेल. त्याचा तो गाण्यांचा अल्बम, 'बंद हंगाम', पोरापोरांच्या फोनमध्ये आहे. त्याला रॉक म्हणतात म्हणे. नागपूर-पुण्याहून पोट्टे मोटरसायकलवर अल्लीपूरला येतात आणि आमच्या जिनिंगच्या फाटकापुढे फोटो काढतात. त्याच्यावर लिहिणारे शिकलेले लोक आहेत. मी सातवीत शाळा सोडली. गाणं मला कळत नाही, आणि कळतं असं सांगायची हौस नाही. पण माणूस मी शेजारून पाहिला आहे, म्हणून लिहितो.

मी जन्मभर जिनिंगमध्ये. आधी रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनवर, मग गाठी बांधायच्या प्रेसवर. त्या धडधडीने कान खाल्ले. ऐकू कमी आलं तेव्हा शेठजींनी मला चौकीदार केलं. बायको म्हणायची, कान दाखवून या. मी म्हणायचो, तूच हळू बोलतेस. ती हळू बोलायची नाही. तिचा आवाज बारीक होता पण गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. फक्त मला कमी जायचा.

तर सावंगीच्या मोठ्या दवाखान्याचं कान तपासायचं शिबिर आमच्या जिनिंगच्या आवारात लागलं. तो तिथे कामाला होता. लोकांच्या डोक्यावर ते कानाचे डबे चढवायचा, बारीक-मोठे आवाज वाजवायचा आणि विचारायचा, "आलं का ऐकू?" सामान ठेवायला सावली पाहिजे म्हणून मी गोदाम उघडून दिलं. हंगाम नुकताच संपला होता. गोदाम रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींनी पत्र्यापर्यंत भरलेलं. तो आत गेला, टाळी वाजवली आणि उभाच राहिला. टाळी कुठे गेली कळलंच नाही, चुलीत पाणी टाकावं तशी विझली.

"काकाजी," तो म्हणाला, "ही खोली मुकी हाय. एकदम मुकी."

"मुकी नाई, भरली हाय," मी म्हटलं. "खाली झाल्यावर ये, मंग पाय."

त्याला ते पुरलं. बायकोने मला तपासायला त्याच्यापुढे बसवायचा घाट घातला होता, तर मी विहिरीची मोटर पाहायच्या निमित्ताने पळालो. पण पंधरवड्यात तोच आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आला. मूळचा पुलगावचा, बाप तिकडच्या दारूगोळ्याच्या डेपोत कामाला. अल्लीपूरहून सावंगीला रोज गाडीने जायचा-यायचा. एवढ्या उन्हात एवढी खेप कोणी उगीच करतं का? बायकोला वाटलं, इकडे कुठे पोरगी पाहिली असेल. त्याने गोदाम पाहिलं होतं.

शेठजी भाव वाढायची वाट पाहत होते, म्हणून गाठी पडून होत्या. त्याने शेठजींना जाऊन सांगितलं की मला तिथे गाणी भरायची, म्हणजे रेकॉर्ड करायची आहेत. शेठजी म्हणाले, भर बाबा, सध्या तिथे काम बंदच आहे, पण बिडी-सिगारेट नको, रुई आहे. तेवढ्यावर परवानगी. त्याचे दोन सोबती यायचे. एक ढोल बडवणारा, दवाखान्यातलाच, डॉक्टरकी शिकणारा, काडीसारखा. दुसरा पुलगावचाच, लांब केसांचा, गिटार वाजवणारा. ढोलवाल्याला शेठजींच्या अटीमुळे सिगारेट सोडावी लागली. अजून ओढत नाही. अल्बमने आणखी काय केलं ते जाऊ द्या, एक छाती वाचवली.

काम दुपारी चालायचं. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. त्या वेळी रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, कावळासुद्धा चोच उघडी टाकून गप्प. म्हणून दुपार. गाठींच्या आत गाठी रचून त्यांनी एक खोली केली होती, तिच्यात ढोल. पंखा बंद, कारण पंखा ऐकू येतो. दाराला ओलं गोणपाट. घामाने गिटारच्या तारा घसरायच्या, त्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागायच्या. उन्हाने वरचे पत्रे तडतड करायचे, ते मात्र कोणाच्याने बंद होईना. शेवटी त्याने हात टेकले आणि म्हणाला, वाजू द्या, तोही आपल्यातलाच.

माझं काम दारावर बसून कोणाला आत न सोडायचं. पण गाणं चालू आहे की थांबलं हे मला बाहेरून कळायचं नाही. म्हणून त्याने एक लाल दुपट्टा आणला. दुपट्टा खिळ्यावर टांगलेला असला की खोकायचं नाही. काढला की खोकून घ्या.

गाणी आपल्या बोलीतली. मले, तुले, काऊन, सारं तसंच. त्याच्या बापाला ते पटलं नव्हतं म्हणे. एवढी महागाची गिटार आणि त्यावर हे? एक गाणं तर अख्खं 'काऊन'वरच होतं. त्यात तो नुसते प्रश्न विचारत जातो. बस काऊन नाई आली, पानी काऊन नाई आलं, तू काऊन नाई आली. बायको रोज डबा घेऊन यायची. तिने ते ऐकलं आणि विचारलं, "हे गानं हाय का गिरनी?" तो म्हणाला, "काकू, दोनी." ती म्हणाली, मग पीठ तरी निघू द्या. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तीच 'काऊन, काऊन' करत होती. मी हसलो तर म्हणाली, "तुमाले कसं काय ऐकू आलं? माहं बोलनं तं येत नाई."

आणि मध्येच भाव वाढले.

शेठजींचा निरोप आला, ट्रक येतात. मुकादम हमाल घेऊन हजर. अल्बम अर्धाही झाला नव्हता. पहिला ट्रक भरून गेला, गाठींची मागची भिंत गेली. त्याने टाळी वाजवली. दूर कुठेतरी ती परत उमटली. त्याचं तोंड उतरलं. "बोलाले लागली," म्हणाला, आणि गिटार खोळीत घालायला लागला. त्याचं म्हणणं, आधीची गाणी एका खोलीतली आणि पुढची दुसऱ्या खोलीतली, असं कसं चालेल? पुढच्या वर्षी हंगाम संपल्यावर पाहू. लांब केसवाला म्हणाला, पुढच्या वर्षी मी पुण्याला असेन. ढोलवाल्याची परीक्षा होती. म्हणजे संपलंच होतं.

बायको डबा उघडत होती. आमची मुलगी त्याच साली लग्न होऊन चंद्रपूरला गेली होती. बायको वर न पाहता म्हणाली, "घरचं मानूस कमी झालं म्हून कोनी चूल बंद ठेवते का? हाय तेवढ्यात गा."

जेवणं झाली. मग त्याने गिटार खोळीतून परत काढली.

पुढे मोठी मजा झाली. मुकादमाशी त्याचा करार झाला की दुपट्टा टांगलेला असेपर्यंत गाठ उचलायची नाही. हमाल दारात गाठी ओढायचे लोखंडी आकडे घेऊन बसून राहायचे आणि ऐकायचे. मुकादम दोन-चार दिवसांत पारखी झाला. "हे बरोबर नाई बसलं, पयल्यांदा म्हनलं तेच चांगलं होतं," असं तो आतल्या तिघांना सांगायचा आणि ते मुकाट्याने पुन्हा वाजवायचे. एका गाण्यात हमालांचा गाठ उचलतानाचा हुंकार आहे, तो खरा आहे. एकाला धीर धरवला नाही.

ट्रकामागून ट्रक गेले. गोदाम मोकळं होत गेलं आणि गाणी त्यासोबत लांब होत गेली, दूर गेल्यासारखी. शेवटचं गाणं भरायच्या दिवशी आत फक्त फरशी, कबुतरं आणि तो. एकटाच गायला. आमच्याकडे कढी-गोळे होते. बायको डबा घेऊन आली, थांबली, अजून थांबली. दुपट्टा खिळ्यावर होता. मी हाताने खूण केली, थांब. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि गोणपाट बाजूला करून सरळ आत गेली.

गाण्याचे शेवटचे सूर विरत होते म्हणे. ती मध्ये उभी राहिली आणि त्याच्यासारखीच मान वाकडी करून एक टाळी वाजवली. मग म्हणाली, "बोलते बा आता. चला, जेवाले चला. कढी थंडी होऊन राह्यली."

ते सगळं भरलं गेलं. सोबत्यांनी सांगितलं, शेवटचं काप. तो म्हणाला, "काकू कापली तं गानं कापलं." म्हणून 'बंद हंगाम' तिच्या बोलण्यावर संपतो.

पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आधी वर्ध्याच्या कॉलेजातली पोरं ऐकायला लागली, मग नागपूरची, मग कुठली कुठली. मुकादमाची पुतणी पुण्याला शिकायला होती. 'काऊन' म्हणते म्हणून खोलीतल्या पोरी तिला हसायच्या, तर ती तोंड उघडायची बंद झाली होती. पुढल्या दिवाळीला आली तेव्हा सांगत होती, त्याच पोरी छातीवर 'काऊन' छापलेले टीशर्ट घालून फिरतात आणि हिलाच विचारतात, नीट कसं म्हणायचं ते शिकव. मुकादम मला म्हणाला, गाठी मी उचलल्या आणि टीशर्ट कोण विकून राह्यलं पाहा.

एका वर्तमानपत्रात कोणी लिहिलं की हा अल्बम माणसाच्या आयुष्यासारखा हळूहळू रिकामा होत जातो, ही फार मोठी योजना आहे. मी त्याला वाचून दाखवायला लावलं. म्हटलं, तू सांगत काऊन नाहीस की ट्रक आला होता? तो हसला. "काकाजी, ट्रक आलता हे बी खरं. पन ते म्हनतात तेबी खोटं नाई." मग म्हणाला, योजना असलीच तर काकूची होती.

दवाखान्याची नोकरी त्याने सोडली नाही. कुठे कुठे गाऊन यायचा आणि सोमवारी पुन्हा म्हाताऱ्यांना विचारायचा, आलं का ऐकू.

गेल्या पोळ्याच्या आधी बायको वारली. त्याबद्दल लिहायचं नाही मला. घर मोठं झालं एवढं सांगतो.

दिवस झाल्यावर तिचा आवाज ऐकावा वाटला. फोटो होते. मुलीच्या लग्नाची शूटिंग होती, त्यात ती सगळीकडे आहे, बोलते, हसते, कोणावर तरी ओरडतेही, पण त्या शूटिंगवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चिकटवलेली. तेव्हा अल्बम आठवला. ती जिवंत असताना मी तो शेवट कधी ऐकला नव्हता. घरात खरी असताना फोनमधली कशाला ऐकायची? आता लावला. ढोल आला, गिटार आली, तो आला. शेवटी नुसतं फुसफुस. पुन्हा लावला, फोन कानाला दाबून धरला. फुसफुस. जगातल्या पोरट्यांना तिची कढी पाठ आहे. फाटकाशी येऊन माझ्याच देखत ते तिची नक्कल करतात. आणि मला, जिने ती कढी जन्मभर वाढली त्या बाईच्या नवऱ्याला, ती ऐकू येईना.

त्याला सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. त्याने दुसऱ्याच दिवशी मला गाडीवर बसवून सावंगीला नेलं. कापडाने मढवलेली काचेची खोली होती. मी आत शिरलो आणि सरळ टाळी वाजवली. मुकी. तो बाहेरून हसला. कानावर डबे चढवले, म्हणाला, आवाज आला की हात वर करा. मला नापास व्हायचं नव्हतं. मी अंदाजाने हात वर करत राहिलो. थोड्या वेळाने त्याने दार उघडलं.

"काकाजी, मी अजून वाजवलंच नाई."

मग खरी तपासणी झाली. त्याने समजावून सांगितलं, जाडे आवाज येतात तुम्हाला, बारीक गेले. पाखरं, बांगड्या, काकूचा आवाज, हे आधी जातं. मी विचारलं, आता परत येत नाही? तो म्हणाला, कान येत नाही, आवाज आणता येतो का पाहतो.

त्याने घरी बसून अल्बमातला तिचा आवाज वेगळा काढला आणि माझ्या कानाला चालेल असा जाडा केला. ऐकवला. शब्द आले बरोबर. मी म्हटलं, "हा तिचा नाई. हा तिच्या भावाचा आवाज हाय." आम्ही दोघंही हसलो. तिच्या भावाशी माझं कधी पटलं नाही. त्याने तो पुसून टाकला.

मग कानाचं मशीन बसवलं. भांडी आली, कुत्री आली, माझे स्वतःचे पाय वाजताना आले. ती मात्र फोनमधून कुकरच्या शिट्टीसारखी यायची. मी मशीन काढून फडताळात ठेवणार होतो. तो म्हणाला, "फोन लहान हाय काकाजी. त्याच्यातून मानूस येते, खोली येत नाई. गोदामात चला."

या उन्हाळ्यात गाठी लवकर उचलल्या गेल्या होत्या. गोदाम रिकामं होतं. भर दुपारी त्याने दोन मोठाले बॉक्स आणले, त्यातला एक नेमका ती उभी होती तिथे ठेवला. मला दारापाशी माझ्या जुन्या जागी बसवलं. कुठून काढला कोण जाणे, तो लाल दुपट्टा खिळ्यावर टांगला. पत्रे तडतडत होते.

गाणं झालं. सूर गेले. मग टाळी आली, आधी तिच्या हातातून आणि मग पलीकडच्या भिंतीवरून. आणि तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात, जसा गल्लीच्या टोकाला जायचा तसा, "बोलते बा आता. चला, जेवाले चला."

मी उठलो. हात धुवायला नळाकडे निघालोही.

दोन-तीन पावलांवर कळलं. तिथेच थांबलो. मागे तो दुपट्टा हातात घेऊन उभा होता. हसला नाही. दवाखान्यात विचारतो तसंच विचारलं, "आलं का ऐकू?"

"कढी थंडी होऊन राह्यली म्हनते," मी म्हटलं. "चाल."

घरी कढी नव्हती. आम्ही दोघांनी मिळून केली. गोळे फुटले. तरी खाल्ले.

आता तो बंगळूरला गेला. कानाचीच मशीनं बनवायचं काम आहे, आणि तिथून गाण्यालाही जाता येतं. जायच्या दिवशी सामान गाडीत चढल्यावर तो आपल्या खोलीत परत गेला. मी बाहेर होतो. मशीन कानात होतं, म्हणून टाळी ऐकली. निकाल मात्र सांगितला नाही. माझ्या पाया पडला, "काकाजी, मशीन काढू नोका," एवढं म्हणाला आणि बसला गाडीत.

फोन करतो. हॅलो म्हणत नाही, टाळी वाजवतो. मी म्हणतो, आलं.

परवा त्याची खोली पाहायला एक मास्तर आणि त्यांची बायको आली होती. नवीनच लग्न झालेलं दिसलं. किल्ली माझ्याजवळ असते. मास्तरांनी नळाचं विचारलं, विजेचं विचारलं. बाई म्हणाल्या, "काकाजी, खोली कशी हाय खरं सांगा."

मी मध्ये उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. मी मान वाकडी करून पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगली हाय," मी म्हटलं. "सामान तेवढं लवकर आना."